शेषरावची काळी-पिवळी आणि वेळेवरची बस

तुम्हीच सांगा, भरवसा कोणावर ठेवायचा? ठरलेल्या वेळेला येतो त्याच्यावर, की तुमच्यासाठी थांबून राहतो त्याच्यावर?

मला विचाराल तर मी व्यापारी माणूस, दोघांनाही माल देतो. गोरेगावात जीप स्टँडच्या समोर माझं किराणा दुकान आहे. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं जे काही शिकलो ते या ओट्यावर बसून. स्टँडासमोर दुकान असलं की तेल-मीठ विकलं जातं आणि किस्से तेवढे मागं राहतात. तुरडाळीच्या पोत्याच्या तळाशी चुरी साचते ना, तसे. पोतं रिकामं करून झटकल्याशिवाय कळत नाही किती साचलंय ते. आता स्टँड उठलं. म्हणून म्हटलं, झटकून टाकू.

स्टँड म्हणजे काय, तर एक कडुलिंब आणि त्याखाली ओळीनं उभ्या काळ्या-पिवळ्या जीपा. गोरेगाव ते सेनगाव, तिथून पुढं हिंगोली. सगळ्या गाड्यांचे नंबर ठरलेले. ज्याचा पहिला नंबर त्याची गाडी झाडाच्या बुडाशी. ती भरली की सुटायची, मग मागची पुढं सरकायची. नंबर तोडून कोणी शीट, म्हणजे गिऱ्हाईक, उचललं तर त्या दिवशी भांडण ठरलेलं.

या सगळ्यांत शेषरावची गाडी जुनी. शेषराव उंच, किडकिडीत, आणि कायम उजवीकडं कललेला. त्याचं कारण साधं होतं. पुढच्या शीटवर त्याच्या डाव्या हाताला तिघं आणि उजव्या हाताला, दाराकडून, आणखी एक. इतकी वर्षं तो उरलेल्या जागेत बसून गाडी चालवत आला. पायी चालला तरी तिरपाच चालायचा.

*

एकदा शाळेवर नवे गुरुजी आले, लातूरकडचे. शनिवारी दुपारी सेनगावला निघाले आणि शेषरावच्या गाडीत पहिले जाऊन बसले. त्यांना वाटलं, बसलो म्हणजे निघालो.

"किती वेळ आहे हो?"

"भरली की निघू, गुरुजी."

माणसं येत गेली. गुरुजी खिडकीपासून मधे सरकले, मधून आणखी मधे सरकले. त्यांच्या मांडीवर कोणाचं तरी लेकरू आलं. पायाशी ज्वारीचं गाठोडं आलं. शेवटी त्यांना मानही वळवता येईना, तेव्हा समोर बघतच त्यांनी विचारलं, "आता तरी भरली का?"

शेषराव शांतपणे मागं गेला. मागचं दार ओढून लावलं. दार लागलं. त्यानं ते परत उघडलं.

"न्हाई गुरुजी. दार लागायलंय अजून."

याच शेषरावची दुसरी बाजू सांगतो. भरलेली गाडी घेऊन निघाला आणि लांब वावरातून एखादी बाई पदर हलवत येताना दिसली, की हा थांबायचा. ती बाई कपाशीच्या पऱ्हाटीतून वाट काढत, चपला हातात घेऊन येईपर्यंत सगळी गाडी थांबून राहायची. एक हिंगोलीचे कारकून एकदा वैतागले, "अहो, टाईम बघा जरा."

शेषराव म्हणाला, "टाईम घड्याळात हाय, साहेब. बाई उन्हात हाय."

*

मग बस आली. म्हणजे बस आधीही होती, पण ती सासुरवाशिणीसारखी, वर्षातून आली तर आली. आता नव्या गाड्या मिळाल्या, फेऱ्या वाढल्या, वेळापत्रक लागलं. पहिल्या दिवशी सरपंचांनी नारळ फोडला, ड्रायव्हर-कंडक्टरला टोप्या घातल्या. माझ्या दुकानातून पेढे गेले.

दुसऱ्या दिवसापासून खरी गंमत सुरू झाली. बस सकाळी येऊन उभी राहिली. कंडक्टर दीपक नावाचा तरणा पोरगा, परभणीकडचा, नोकरीला नवा. तो दारात उभा राहून "सेनगाव, हिंगोली" ओरडायला लागला. गाव समोरच होतं. निम्मं बाबूमामाच्या हॉटेलात चहा पीत होतं, निम्मं माझ्या ओट्यावर. सगळ्यांना जायचंच होतं. पण उठेना कोणी.

मी म्हटलं, "जाऊन बसा की."

"भरू द्या की जरा, शेठ. आत्ताच जाऊन काय घाम गाळायचा?"

घड्याळात वेळ झाली. दीपकनं घंटी मारली. बस निघाली, रिकामी. सगळं हॉटेल चहाचे कप हातात घेऊन रस्त्यावर आलं आणि बघत राहिलं. किसनराव म्हणून आमचे एक बुजुर्ग आहेत, ते तर शिव्याच द्यायला लागले. "रिकामी गाडी न्यायलाय लेकाचा. डिझेल बापाचं हाय का?"

असं आठवडाभर चाललं. रोज बस यायची, रोज गाव म्हणायचं, भरू द्या. आठवडा संपता दीपक माझ्याकडं बिस्किटचा पुडा घ्यायला आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "शेठ, एक विचारू का? ह्या गावाला कुठं जायचंच नसतंय का?"

आणि तेवढे दिवस शेषरावची मजा. बस गेली की उरलेलं सगळं गाव त्याच्याकडं. ओट्यावर येऊन हसत म्हणायचा, "बस रोज येऊ दे बाप्पा. तिच्यामुळं माझी गाडी लवकर भरून राहिली."

हे त्याचं शेवटचं मोकळं हसणं. मला तेव्हा ते कळलं नाही, त्यालाही नाही.

*

कारण गाव शिकलं. आधी बायका शिकल्या. बसमध्ये बायांना अर्धं तिकीट. आपल्याकडं हे कळायला पेपर लागत नाही, पाणवठा पुरतो.

शेषरावची बायको रुक्मिणबाई. माहेर सेनगावच्या पुढं. एक दिवस पिशवी घेऊन कडुलिंबाखाली उभी. शेषरावचाच पहिला नंबर, गाडी अर्धी भरलेली. बाकीचे ड्रायव्हर म्हणाले, "वहिनी, बसा की पुढं, मालकिणीची जागा हाय."

तेवढ्यात बस आली. रुक्मिणबाईनं पिशवी उचलली, नवऱ्यासमोरून गेली आणि बसमध्ये चढली. स्टँडवर एकानं डिवचलंच, "शेषराव, घरचीच शीट गेली की रे."

शेषरावचा चेहरा असा झाला की बघवेना. संध्याकाळी ती परत आली, तीही बसनंच. माझ्या दुकानात साखर घ्यायला थांबली, तेव्हा हा तिथंच होता. म्हणाला, "चार माणसात असं करायचं असतंय का?"

ती म्हणाली, "तुमच्या गाडीत बसले आसते तर एका शीटचं भाडं बुडालं आसतं तुमचं. बसमधी अर्ध्यात गेले. तुमचंच वाचवलं की."

मी साखर तोलता तोलता विचार करत होतो. मी इतकी वर्षं व्यापार केला, पण या बाईच्या हिशेबात मला चूक सापडेना.

*

त्यांची मुलगी सुवर्णा. दहावीला चांगले गुण पडले. आमच्याकडं मुलींची शाळा बहुतेक दहावीलाच संपायची, कारण पुढं हिंगोली, आणि हिंगोलीला जायचं म्हणजे जीप. कोणता बाप तरण्या पोरीला त्या गर्दीत रोज कोंबणार?

बस सुरू झाली आणि त्या वर्षी गावातल्या बऱ्याच पोरी पुढं शिकायला लागल्या. पास काढायचा, खिडकीपाशी बसायचं. सकाळच्या बसला त्यांच्या वेण्या आणि रिबिनी बघून मलाच बरं वाटायचं. माझी नातही त्यांच्यात होती, ते लपवत नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी सुवर्णाला बसपाशी सोडायला शेषराव स्वतः आला. तिची सॅक त्याच्या खांद्यावर. मागं त्याची गाडी नंबराला उभी होती. लक्ष्मण म्हणून दुसरा ड्रायव्हर होता, तोंडाचा फटकळ. त्यानं हाक मारली, "काय शेषराव, बापाची गाडी आसताना लेकरू बसनं जायलंय? भरवसा न्हाई काय सोताच्या गाडीवर?"

आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. शेषरावनं आधी सुवर्णाला बसमध्ये चढवलं. ती बसली ते खिडकीतून बघितलं. मग लक्ष्मणाकडं आला आणि हळू आवाजात बोलला.

"माझ्या गाडीत मी पुढं बसतो, लक्ष्मण. माघं कोण कसं बसलंय, मला दिसत न्हाई."

लक्ष्मणालाही पोरगी होती.

*

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. गाड्या उभ्या राहायला लागल्या. पूर्वी नंबर यायला वेळ लागायचा, आता नंबर आल्यावर माणूस यायला वेळ लागायला लागला.

जीपवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. रिकाम्या गाडीत कोणी बसत नाही. चार माणसं बसलेली दिसली की पाचवा बसतो. म्हणून नंबर लागला की ड्रायव्हर आपलीच दोन-चार माणसं आत बसवतात. गिऱ्हाईक यायला लागलं की ती गुपचूप उतरतात. पूर्वी या कामाला माणसं सहज मिळायची, एका चहावर. आता बाकीच्यांनाही कंटाळा आला.

मग रुक्मिणबाई येऊन बसायला लागली.

घरचं आवरून यायची, चांगलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन. कुठं तरी निघालेल्या बाईसारखी मागच्या शीटवर बसायची. दुपार व्हायची. बस येऊन जायची. ती बसलेलीच. पिशवीत काय असतं म्हणून एकदा बाबूमामानं बघितलं, तर निवडायची मेथी. आत बसून ती भाजी निवडायची.

एके दिवशी गाडीत खरंच एक बाई येऊन बसली. परगावची. तिला अर्ध्या तिकिटाचं माहीत नसावं. बसली आणि चार गोष्टी कराव्या म्हणून रुक्मिणबाईला विचारलं, "तुमी कुठं चाललाव, माय?"

रुक्मिणबाईला खोटं बोलायचं सुचलं नाही. म्हणाली, "कुठं न्हाई. बसायलेय नुसती."

त्या बाईनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा त्या मेथीकडं, आणि गाठोडं घेऊन खाली उतरली.

*

एकेक गाडी गेली. लक्ष्मण औंढ्याला गेला, नागनाथाला येणाऱ्या भाविकांना घेऊन फिरतो, भाड्याच्या गाडीवर. त्याची जीप वीटभट्टीला गेली. एकाची जिंतूरला. बाळू म्हणून एक होता, त्याची तर वावरातच उभी आहे, तिच्यात आता करडू बांधतात. कडुलिंबाखाली एकटी शेषरावची गाडी राहिली.

एका सकाळी बघतो तर गाडी झाडाच्या बुडाशी नाही, मागं लांब उभी. जिथं पूर्वी चौथी गाडी लागायची तिथं. झाडापाशी दोन माणसं सामान घेऊन उभी होती, त्यांची बस चुकलेली. मी ओट्यावरून ओरडलो, "शेषराव, शीट उभी हायेत की. गाडी काहून लावत न्हाईस?"

"नंबर न्हाई माझा."

मला वाटलं चेष्टा करतोय. खाली उतरून त्याच्यापाशी गेलो. "कोणाचा हाय मंग?"

"आज लक्ष्मणाचा पहिला. मंग जिंतूरला गेलेल्या गाडीचा. मंग बाळूचा. मंग माझा."

"अरे, त्या गाड्या कुठं हायेत?"

"न्हाईत," तो म्हणाला. "पण नंबर तर त्यांचाच हाय न, शेठ."

ती दोन माणसं दुसरी गाडी बघायला रस्त्यावरच्या फाट्याकडं चालत गेली. ऊन वर आल्यावर शेषरावनं गाडी चालू केली, थोडी पुढं घेतली, परत बंद केली. मग परत थोडी पुढं. जेवणवेळेला कधी तरी ती झाडापाशी पोचली. तोवर तिथं कोणी नव्हतं.

मी घरी हिला सांगितलं, तर ती म्हणाली, त्याला कोणाला तरी दाखवा. मी म्हटलं, कोणाला दाखवू? इतकी वर्षं ज्या माणसानं कोणाचा नंबर तोडला नाही, त्याला डॉक्टर काय देणार?

*

आता गयाबाईची ओळख करून देतो. रस्त्यावर फाटा आहे, त्या फाट्यापासून आत माळावर एक वाडी. शेळ्या-मेंढ्यांवाल्यांची घरं. वाट सगळी खडकाची. बस फाट्यापर्यंतच. जीपवाल्यांतही त्या वाटेवर गाडी घालणारा शेषराव एकटाच. गयाबाई तिथली. नवरा ग्यानबा, अंगावरून वारं गेल्यापासून त्याचे पाय चालत नाहीत. बाजेवरच असतो. त्याला दवाखान्यात हिंगोलीला न्यायचं, तर शेषराव दारात गाडी लावायचा, दोघं-तिघं उचलून पुढच्या शीटवर ठेवायचे.

त्या सुमारास एकदा गयाबाई गोरेगावात आली ती एक शेळी घेऊन. हिंगोलीच्या बाजारात विकायची होती. फाट्यावर जीप दिसेना, म्हणून पायी स्टँडापर्यंत आलेली. समोर बस उभी. ती सरळ शेळीसकट पायरीवर.

दीपक म्हणाला, "मावशी, शेळी चालत न्हाई."

"चालती की. इथवर चालतच आली."

"तसं न्हाई मावशी, बसमधी जनावर घेता येत न्हाई."

गयाबाईनं विचार केला. "बायांला अर्धं तिकीट हाय म्हणत्यात, खरं हाय का?"

"व्हय, खरं हाय."

"मंग ही बी बाईच हाय. लाव अर्धं."

सगळी बस हसली. दीपकही हसला, बिचारा. पण नियम तो नियम, त्याची नोकरी नवी. त्यानं हात जोडले. गयाबाई उतरली. बस वेळेवर निघाली. ती माझ्या ओट्याच्या पायरीवर बसली, शेळी माझ्या गुळाच्या ढेपेकडं बघत.

शेषराव आला. "चल माय."

गाडीत दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "अरे, एका शीटवर हिंगोलीपर्यंत? डिझेलचं काय?"

त्यानं शेळीला मागं चढवलं, गयाबाईला चढवलं, मागचं दार ओढलं. म्हणाला, "भरली, शेठ."

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत रुक्मिणबाईनं सांगितलं, "आता इका. बसून बसून गुडघे धरले माझे." ती म्हणाली म्हणूनच त्यानं विकली. दुसरं कोणी म्हटलं असतं तर विकली नसती.

घेणारा आला जिंतूरकडचा, कोंबड्यांचा धंदा करणारा. भला माणूस होता. गाडी बघितली, इंजिन ऐकलं, व्यवहार माझ्याच ओट्यावर झाला. मग तो म्हणाला, "शीटं तुमची तुमी ठेवा. कोंबड्यांला शीटं काय करायची?" पाना आणला. मागच्या लांब गाद्या, खालच्या फळीसकट, खोलून कडुलिंबाला टेकवून ठेवल्या. आतून गाडी नुसता पत्रा झाली.

चावी हातात देणार, तेवढ्यात गयाबाई आली. बाजाराची पिशवी घेऊन, नेहमीसारखी. कोणाला काही न विचारता मागं चढली आणि पत्र्यावरच मांडी घालून बसली.

कोंबडीवाला म्हणाला, "मावशी, उतरा. गाडी इकली."

"कोणी इकली?"

"यांनी. मी घेतली."

गयाबाईनं शेषरावकडं बघितलं. तो खाली बघत होता. मग ती म्हणाली, "इकली तर इकली बाप्पा. मला वाडीवर सोड, आन् मंग इक."

कोंबडीवाल्याला हसू आलं. त्यानं चावी शेषरावलाच परत दिली, म्हणाला, "चला, मी बी येतो. वाटंनं गाडी कशी पळती ते तरी कळंल." तिघं गेले.

दिवस मावळायला परत आले. शेषराव उतरला, एक लांब गादी डोक्यावर घेतली आणि घराकडं निघून गेला. गाडीकडं वळून बघितलं नाही. कोंबडीवाला मात्र माझ्यापाशी थांबला, जरा अडचणीत सापडल्यासारखा.

"शेठ, तिथं त्या म्हातारीचा माणूस बाजेवर होता. ती म्हणली, परवा ह्याला हिंगोलीला दाखवायचंय, सकाळी येशील न? तर हे म्हणले, येतो."

"मंग?"

"मंग काय. गाडी तर मी न्यायलोय. हे येणार कशात?"

तो गाडी घेऊन गेला.

ठरल्या दिवशी सकाळी मी शटर उचलत होतो. उजाडलं नव्हतं नीट. शेषराव रस्त्यानं चाललेला, पायी, तसाच उजवीकडं कललेला. डोक्यावर ती लांब गादी, खांद्यावर दोराचं भेंडोळं. मी हाक मारली, "कुठं रे?"

"वाडीला. येतो म्हणालोय."

पुढचं मी बघितलं नाही. दीपकनं संध्याकाळी सांगितलं. सकाळच्या बसला फाट्यावर चार जणांनी हात केला. मधे गादी, तिला दोर बांधलेले, तिच्यावर ग्यानबा. बाजूला गयाबाई. वाडीतली तीन पोरं आणि शेषराव, खडकातून उचलून आणलेलं, माणसं घामानं निथळत होती. दीपकनं बस थांबवली. ड्रायव्हरही खाली उतरला. सगळ्यांनी मिळून ग्यानबाला आत घेतलं, पुढच्या शीटवर टेकवून बसवलं. पोरं वाडीकडं परत गेली. शेषराव बसमध्ये चढला, आणि ती गादी पण ओढून आत घ्यायला लागला.

दीपक म्हणाला, "काका, बसमधी शीटं रिकामी हायेत की. हे आपलं कशाला चढवायलाव?"

शेषरावनं गादी दोन शीटांच्या मधल्या वाटेत आडवी बसवली, दोर गुंडाळून तिच्यावर ठेवला आणि विचारलं, "संध्याकाळी फाट्यावर उतरवल्यावर, पुढं वाडीला येती का तुमची बस?"

तुम्ही हे कुठं सांगणार असाल, लिहिणार असाल, तर माझं एवढं ऐका. हिशेब खरा ठेवा. बस त्या दिवशी वेळेवर आली होती. आणि हात केल्यावर थांबलीही होती.